धोट्याचं भोक

आमच्या शोकेसमध्ये एक धोटा ठेवलेला आहे. दीड वीत लांब, लाकडी, मधून होडीसारखा पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. लहान मुलं त्याला होडी समजतात आणि बादलीत सोडायला मागतात. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो गिरणीतून आणला, तेव्हा त्याला चीर गेलेली होती आणि तो मोडीत निघाला होता. त्यांच्याआधी आजोबाही त्याच गिरणीत, त्याच साचाखात्यात विणकर होते. संगमेश्वरहून आजोबा आले, त्यांच्यामागून अण्णा आले, आणि जानेवारी १९८२च्या संपानंतर अण्णा परत कधी त्या फाटकातून आत गेले नाहीत.

धोट्याच्या एका टोकाजवळ बाजूला एक बारीक भोक आहे. त्यात चिनीमातीची कडी बसवलेली आहे, सुती धाग्यानं लाकूड कापलं जाऊ नये म्हणून. या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं त्या भोकाभोवती फिरतं.

साचा, म्हणजे यंत्रमाग, चालू असताना धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे फेकला जातो, मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. मग विणकरानं साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, आणि नव्या धाग्याचं टोक आतून त्या भोकातून बाहेर काढायचं. हे शेवटचं काम बोटांनी होत नाही. विणकर धोटा तोंडाशी न्यायचा, भोकाला ओठ लावायचा आणि जोरात श्वास आत ओढायचा. धागा सुळकन बाहेर. धाग्याबरोबर कापसाचे तंतू आणि खळीचा चुरा घशात जायचा तो वेगळाच. एका विणकराकडे दोन साचे. पाळीभरात किती वेळा तोंड लावलं याचा हिशेब कोण ठेवणार?

धोटा हा काही कुणाच्या मालकीचा नसतो. दिवसपाळीचा माणूस गेला की रात्रपाळीचा तोच धोटा उचलतो. बदली कामगार आला तर तोही तोच. म्हणजे साचाखात्यातला प्रत्येक जण दुसऱ्याचं उष्टं तोंडाला लावत होता. आणि म्हणून, असं सांगितलं जायचं, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला साचाखात्यात घेता येत नाही.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली आणि १८५६त ती ताडदेवला सुरू झाली. गिरण्यांनी गावगाडा मोडला, असं आपण शाळेत शिकलो. अर्धं खरं आहे. महार, चांभार, मांग समाजातली माणसं गिरणीत आली, रोकड पगार घेऊ लागली. पण ती रिंगखात्यात आली, सूत कातायच्या बाजूला, जिथं पगार कमी. विणकराची कमाई मापावर, आणि कितीतरी बरी. तिथं कोकणातले मराठे होते, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर होते. हिंदू आणि मुसलमान एका खात्यात धोटे चालवत होते, यातच उष्ट्याच्या नियमाची लवचीकता दिसते. तो कुणाला लावायचा आणि कुणाला नाही, हे आधीच ठरलेलं होतं. दोन खात्यांच्या मध्ये एक भिंत आणि एक दार. ते दार सत्तर-ऐंशी वर्षं जवळजवळ बंदच राहिलं.

ही तोंडानं धागा ओढायची रीत आपली नव्हे. ती साच्यांबरोबर लँकेशायरहून आली. तिकडं विणकर बायका दिवसभर हेच करायच्या आणि त्याला गमतीनं धोट्याचं चुंबन म्हणायच्या. तिथंही लोकांना थुंकीची भीती वाटली, पण ती क्षयाची, रोगजंतूंची. डॉक्टरांनी ओरड केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायद्यानं ही रीत बंद केली, लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ उजाडलं. हातानं धागा ओवता येईल असे धोटे बाजारात आले होते. म्हणजे थुंकीचा प्रश्न सुतारकामाचा होता आणि त्याचं उत्तरही सुतारकामात होतं. तिकडं धोट्यापासून तोंड दूर केलं. इकडं तोंड तसंच राहिलं आणि माणूस दूर केला.

मी अण्णांना एकदा विचारलं होतं की आकड्यानं का नाही ओढायचे धागा? ते हसले. म्हणाले, "आकड्यानं ओढायचा म्हंजे येळ जातो. पगार कापडावर. तू दे मला तेवढ्या येळाचं पैसं." हे खरंच होतं. मापावरचा दर माणसाला घाई करायला लावतो, घाई तोंडाला लावते. मग मी विचारलं की दुसऱ्यांना का नाही येऊ दिलंत खात्यात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "आमी कोनाला आडवलं नाय. धागा आडवायचा."

अण्णा खोटं बोलणारे नव्हते. त्यांचा त्या वाक्यावर विश्वास होता. पण धाग्याला काही भरती करायचा अधिकार नसतो. तो जॉबरला होता.

आजच्या वाचकाला जॉबर ही काय चीज होती ते सांगायला हवं. मुकादम म्हणा. साहेब गोरा किंवा पारशी, त्याला कामगारांची भाषाही धड येत नसे. माणसं आणायची, लावायची, काढायची, रजा द्यायची, दंड सुचवायचा, सगळं जॉबरच्या हाती. सकाळी भोंग्याआधी फाटकाशी बदल्यांचा घोळका उभा राही आणि जॉबर बोट दाखवी, तू ये, तू ये. ज्याच्याकडं बोट वळलं नाही तो घरी. बोट वळावं म्हणून दस्तुरी द्यायची, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधार घ्यायचं, गावी गेलं की त्याच्यासाठी काहीतरी घेऊन यायचं. जॉबर माणसं आणायचा ती आपल्या गावची, भावकीतली. साचाखात्यातल्या चांगल्या पगाराच्या जागा अशा चार-दोन तालुक्यांत फिरत राहिल्या. उष्ट्याचं कारण पुढं होतं, भावकीचा फायदा मागं होता. दोन्ही एकमेकांना धरून होते म्हणून भिंत टिकली. नुसत्या विटाळानं ती एवढी टिकली नसती, असं मला वाटतं. आमच्या आजोबांची नोकरी त्याच भिंतीच्या आतली, हे मी विसरत नाही.

अशा ठिकाणी तक्रार कोण करणार? तक्रार ऐकणारा जॉबर, आणि तक्रारही जॉबरचीच.

गिरणीतल्या माणसांना तोंड नव्हतं असं मात्र नाही. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत नोकरीला होते, नंतर 'दीनबंधु'चे संपादक झाले. सत्यशोधक माणूस. त्यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळला सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आज वाचताना वाटतं, हे सुद्धा मागावं लागलं? सहा वर्षं गेली. एप्रिल १८९०मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन गिरणीकामगार बायका उभ्या राहून बोलल्या. जून १८९०मध्ये मालकांनी रविवार दिला. आपण रविवारी जे मटण आणतो ते लोखंड्यांच्या नावानं आणायला हरकत नाही.

सभेत दहा हजारांमध्ये उभं राहून बोलता येतं. खात्यात चाळीस जणांमध्ये येत नाही. सभेतून तुम्ही घरी जाता, खात्यात उद्या परत यायचं असतं.

बायकांचं खातं वेगळं. वाइंडिंग आणि रीळिंग, म्हणजे सूत गुंडाळायचं काम. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. त्यांच्यावर नायकीण असायची, आणि नायकिणीवर जॉबर. नायकीण आपल्यातलीच, म्हणून तिच्याकडं मन मोकळं करता येईल असं वाटतं, पण तिचंही पोट जॉबरच्या बोटावर. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून घ्या, त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमा, असं बजावलं. बायकांच्या खात्यांत बाईच देखरेखीला हवी, हा मुद्दाही त्या काळी पुढं आला. वाचताना मला आमच्या कंपनीची आठवण झाली. ती पुढं सांगते.

बाळंतपणाच्या पगारी रजेचा मुंबई प्रांताचा कायदा १९२९चा. सीताराम केशव बोले आणि आर. एस. आसवले यांच्यासारखी माणसं तेव्हा कायदेमंडळात होती. आसवल्यांनी हे बिल मांडलं आणि जुलै १९२८मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. पैसा मालकानं द्यायचा होता. झालं असं की मालकांना बायका महाग वाटू लागल्या. रात्रपाळीला त्यांना बंदी, बाळंतपणाचा खर्च वर. हळूहळू बायका गिरण्यांतून कमी होत गेल्या. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत गिरणीत जाणारी एकच म्हातारी होती. कामगार पुढारी पार्वतीबाई भोर आणि उषाताई डांगे यांच्यामागं मोर्च्याला जाणाऱ्या पिढीतली. तिचा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, कारण यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय.

आता १९२८. त्या वर्षीचा संप एप्रिलला पेटला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या घरात माणसं बाहेर. कारण होतं कमी माणसांत जास्त काम: दोनऐवजी तीन साचे, रिंगखात्यात एकाऐवजी दोन बाजू. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात, मे महिन्यात जन्मली. आधल्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यालं होतं. संपाच्या पुढाऱ्यांकडं त्यांनी एक मागणी नेली: साचाखात्यासह सगळी खाती अस्पृश्य कामगारांना खुली करा, हे तुमच्या मागण्यांमध्ये लिहा. नाही लिहिलंत तर आमची माणसं संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीनं. ती मालकांसमोर ठेवली गेली तेव्हा मालकांनी सांगितलं की हा अन्याय आमचा नाही. एका परीनं बरोबरच होतं. भिंत मालकानं बांधली नव्हती. फक्त ती त्याच्या जागेत उभी होती, आणि तो तिचं भाडं घेत होता.

मला या प्रसंगातलं ते 'नाखुशीनं' फार महत्त्वाचं वाटतं. ही माणसं वाईट नव्हती, तुरुंगात गेलेली होती, जगातल्या सगळ्या कामगारांची भाषा बोलत होती. पण साचाखात्यातला विणकर हा त्यांचा कणा होता, आणि त्याला दुखवायचं नव्हतं. एकजूट टिकावी म्हणून ज्यांना गप्प बसवलं, त्यांना त्या एकजुटीत काय मिळणार?

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच भाषणातली एक बारकी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन होतो, पोर्टर होत नाही. का? तर पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करतो, आणि स्टेशनमास्तरला आपल्या घरात तो चालत नाही. नियमपुस्तकात तसं काही नव्हतं. कामाच्या यादीत पाणी भरणं, भाजी आणणं हे लिहिलेलं नव्हतं. पण न लिहिलेलं काम न लिहिलेल्या भिंती बांधतं. गिरणीत धोटा, रेल्वेत स्टेशनमास्तरची मोरी.

माझी नोकरी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात, कारकून म्हणून बत्तीस वर्षं. कारखान्याचं नाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. तिथं कॅन्टीनच्या दाराजवळ एक तक्रारपेटी टांगली होती. हिरवी, पत्र्याची. ती दर महिन्याला उघडायची आणि अहवाल लिहायचा हे माझं काम. महिन्यामागून महिने पेटी रिकामी, किंवा फार तर 'चहात साखर कमी'. मी अहवालात लिहायचे, तक्रारी नाहीत, वातावरण समाधानकारक. साहेब सही करायचे. मग एकदा असेंब्लीतल्या एका बाईनं मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, ताई, ती पेटी आमच्या फोरमनच्या खिडकीसमोर आहे. आणि किल्ली कुठं असते ठाऊक आहे ना? मला ठाऊक होतं. किल्ली फोरमनच्या ड्रॉवरमध्ये असायची, मी दर महिन्याला त्यांच्याकडूनच मागून आणायची. मला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. पेटी आम्ही जिन्याच्या वळणावर हलवली आणि किल्ली माझ्याकडं आली. पुढच्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. साहेब म्हणाले, वातावरण बिघडलं. कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला तेव्हा, १९९७ साली, आमच्याकडंही समिती झाली आणि त्या अकरातल्या दोन चिठ्ठ्यांचं काम समितीपुढं गेलं. दोन्ही एकाच माणसाबद्दल होत्या.

माझी भाची लोअर परळला काचेच्या इमारतीत नोकरी करते. ती इमारत जिथं उभी आहे तिथं पूर्वी गिरणी होती. परवा ती घरी आली आणि सांगू लागली की आज दिवसभर आम्हाला 'सायकॉलॉजिकल सेफ्टी'वर, म्हणजे कामाच्या जागी न भिता बोलता येण्यावर, ट्रेनिंग होतं. गोल करून बसवलं, मऊ चेंडू हातात दिला, ज्याच्या हातात चेंडू त्यानं बोलायचं. तिथं तिनं ऐकलेली गोष्ट अशी: एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेनं नव्वदच्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास केला आणि तिला विचित्र गोष्ट दिसली. चांगल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. नंतर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. हे ऐकून मला माझ्या अकरा चिठ्ठ्या आठवल्या. मी भाचीला विचारलं, चेंडू हातात आल्यावर तू काय बोललीस? ती म्हणाली, "मावशी, वेडी आहेस का? बॉस तिथंच बसला होता."

शेवटी अण्णांची एक गोष्ट. साठच्या दशकात कधीतरी त्यांच्या खात्यात वरळीच्या बीडीडी चाळीतला एक तरुण बदली म्हणून आला. जॉबरचं राज्य तोवर ढिलं झालं होतं, बदलीची कार्डं ऑफिसातून मिळू लागली होती, घटनेचं सतरावं कलम होतं, १९५५चा अस्पृश्यताविरोधी कायदा होता. त्याला साचा मिळाला. अण्णा ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. "कोन काय बोललं नाय त्याला. एक शब्द नाय." मी लहान असताना हे ऐकून मला बरं वाटायचं, आमचे अण्णा चांगले.

नंतर कधीतरी, मी स्वतः त्या पेटीपाशी उभी राहून आल्यावर, तेच वाक्य मी वेगळ्या कानानं ऐकलं. कुणी काही बोललं नाही. कांडी संपली तर शेजारच्याकडून उसनी घ्यायची पद्धत असते, ती त्याला कुणी दिली का? धागा सारखा तुटतोय, ताण कमी कर, असं नव्या माणसाला सांगायचं असतं, ते कुणी सांगितलं का? डबा कुणाबरोबर खायचा तो? अण्णा आठवत आठवत म्हणाले की डबा तो बाहेर, पंपाजवळ खायचा. एकटाच. दीड-दोन महिने होता. मग दिसला नाही. परत रिंगखात्यात गेला असेल.

"आणि धोटा?" मी विचारलं.

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याचा धोटा येगळा ठेवायचो आमी. तो गेल्यावर टाकून दिला."

शोकेसमधला धोटा तोच की काय, हे विचारायचा धीर मला झाला नाही. अण्णा २००९ साली गेले. त्या तरुणाचं नाव मी त्यांना विचारलं नव्हतं. तुमच्या घरात साचाखात्यातलं, रिंगखात्यातलं, वाइंडिंगमधलं कुणी म्हातारं माणूस अजून असेल, तर त्यांच्याकडून गिरणीच्या गोष्टी नावांसकट लिहून घ्या. आणि कोण काय बोललं हे विचाराल तेव्हा, डबा कोण कुठं बसून खायचं, हेही विचारा.